आग लागली म्हणे!

आजऱ्याकडं पाऊस एकदा धरला की सुटायचं नाव घेत नाही. चार महिने जनावर दावणीला उभं आणि त्याच्या तोंडापुढं वैरण पडणार ती गंजीतली. म्हणून आमच्याकडं मे महिन्यात कुणाची गंजी जळाली तर नुसतं पिंजर जळत नाही. माणसाचा आख्खा पावसाळा जळतो.

माझ्या आज्याची गंजी अशीच मे महिन्यात जळाली. १९५६ साली बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली, त्याला तीन-चार उन्हाळे झाले असतील. आमच्या वाड्यानं मेलेलं ढोर ओढायचं बंद केलं होतं. आज्यानं चावडीपुढं उभं राहून सांगितलं होतं, "तुमचं ढोर, तुम्हीच वडा." त्याच आठवड्यात एका रात्रीत तीन गंज्या पेटल्या. तिन्ही ढोर ओढायला नाही म्हणणाऱ्यांच्या. एक ओढ्याकडं, एक माळाला, एक वाड्यामागं. वारा मात्र त्या रात्री एकाच दिशेनं वाहत होता.

हवालदार आला. वहीत त्यानं लिहिलं, ‘अकस्मात जळीत’. तालुक्याच्या वार्ताहरानं हवालदाराची वही बघितली आणि बातमी धाडली. चार-आठ दिवसांनी कोल्हापूरहून एसटीनं आलेल्या पेपरात चार ओळी आल्या. गंजीस आग लागून नुकसान, प्राणहानी नाही, इतकंच. आज्याला अक्षर येत नव्हतं. कुणीतरी दाखवलं म्हणून त्यानं ते कात्रण कापून घेतलं आणि पत्र्याच्या ट्रंकेत बाबासाहेबांच्या फोटोखाली घडी घालून ठेवलं. मी चौथीत गेलो, धडाधडा वाचायला लागलो, तेव्हा त्यानं ते माझ्या हातात दिलं.

"वाच."

मी वाचलं.

"कुणी लावली त्ये लिवलंय काय?"

"न्हाई."

"परत वाच."

परत वाचलं. आग लागून. तेच.

"लागली म्हनं! आगीला काय पाय हाईत व्हय रं, चालत यायला?"

दोस्तांनो, माझं व्याकरण तिथं सुरू झालं. गुरुजींचं नंतर आलं.

मराठीत ‘लागणे’ आणि ‘लावणे’ यांत एका अक्षराचा फरक. ‘ग’ काढा, ‘व’ घाला. पण त्या एका अक्षराच्या आड आख्खं गाव लपून बसतं. ‘लावली’ म्हटलं की लगेच सवाल येतो, कुणी? ‘लागली’ म्हटलं की सवालच मिटतो. भूक लागते. तहान लागते. ठेच लागते. पाऊस लागतो. दृष्ट लागते. यातलं काहीही कुणी करत नाही, ते आपोआप लागतं. मग झोपडीला आग लागली, माणसाला गोळी लागली, हे त्याच रांगेत जाऊन बसतं. ठेच लागल्यासारखं. पाऊस लागल्यासारखा.

आणि ही क्रिया आपल्याला काय आज ओळखीची झाली का? विटाळ लागतो. सुतक लागतं. हात लागला तर पाणी बाटतं. गावकुसाबाहेरच्या माणसाला जन्मल्यापासून हेच लागत आलंय. विटाळ कुणी मानला, कुणी पोथीत लिहिला, कुणी पाणवठ्यावर काठी घेऊन राखला, हे कधी वाक्यात येतच नाही. विटाळ नुसता लागतो. हजारो वर्षांचा गुन्हा आणि कर्ता गैरहजर!

कर्णाची गोष्ट घ्या. आमच्या आजऱ्यात जन्मलेल्या शिवाजी सावंतांनी कर्णावर ‘मृत्युंजय’ लिहिली, १९६७ साली. महाराष्ट्रानं डोक्यावर घेतली. कर्णाला शाप लागला, म्हणून ऐन वेळी त्याची विद्या विसरली, असं घराघरांत हळहळून सांगतात. अरे, शाप काय झाडावरून पडला? परशुरामानं दिला. का दिला? पोरगं ब्राह्मण नाही हे कळलं म्हणून दिला. हळहळणाऱ्याच्या तोंडी ‘शाप लागला’ येतं. ‘जात बघून शाप दिला’ म्हणायला त्याची जीभ वळत नाही.

आता जुन्या पेपरांकडं या. कुठल्याही मोठ्या वाचनालयात जा, पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या बांधून ठेवलेल्या फायली मागा, धूळ झटका आणि पोलिसांच्या बातम्या वाचा. एक वाक्य सारखं भेटेल. पोलिसांना लाठीमार करावा लागला. पोलिसांना गोळीबार करावा लागला. हे वाक्य एका पेपरचं नाही, एका संपादकाचं नाही. रबरी शिक्का आहे. तो सगळ्यांच्या टेबलावर असायचा.

शाळेत आपण विभक्ती घोकल्या. करणारा असेल तर ‘ने’, ‘नी’. ज्याच्यावर काही येऊन पडतं त्याला ‘स, ला, ना, ते’. मला ठेच लागली. त्याला भूक लागली. आता शिक्क्याचं वाक्य पुन्हा बघा. पोलिसांना गोळीबार करावा लागला. गोळी झाडणारा ‘ना’ लावून उभा आहे, बिचारा. जणू गोळीबार त्याच्यावर कोसळला. आणि पुढचं वाक्य काय असतं? तिघांना गोळ्या लागल्या. मेलेलाही ‘ना’ लावून. मारणारा आणि मरणारा एकाच विभक्तीत, एकाच क्रियापदाच्या छपराखाली. दोघांनाही लागलं! एकाला करावं लागलं, एकाला गोळी लागली. मग मारलं कुणी? त्या वाक्यात कुणीच नाही.

आता उलटं करून बघा. दगड आपल्या हातात असला की ‘नी’ झटकन येतो. जमावानी दगडफेक केली. आंदोलकांनी बस फोडली. तिथं दगड कुणाला मारावा लागत नाही. तिथं काच आपोआप फुटत नाही. तिथं कर्ता वाक्याच्या पहिल्याच जागेवर, आरोपीच्या पिंजऱ्यात उभा. बसच्या काचेला कर्ता मिळतो. माणसाच्या कवटीला मिळत नाही.

कवटीचं बोलतोय ते उगाच नाही. ५ जानेवारी १९७४ ला वरळीच्या बीडीडी चाळीत पँथरनं सभा घेतली. सभेत दगड आले, पोलिसांनी लाठ्या चालवल्या आणि पुढं कित्येक दिवस वरळी, नायगाव धुमसत राहिलं. १० जानेवारीला पँथरनं निषेधाचा मोर्चा काढला. परळला इमारतीवरून टाकलेल्या दगडानं भागवत जाधव गेला. तरणाबांड पोरगा. आता पेपरी मराठीत हे लिहायचं तर साचा तयार आहे, दगड लागून मृत्यू. म्हणजे दगडाला भागवतचं डोकं ठाऊक होतं आणि तो आपणहून खाली आला! तो वर कुणी नेला, कठड्याशी कुणी उचलून धरला, खाली मोर्चा बघून कुणी सोडला, ही सगळी माणसं ‘लागून’ या तीन अक्षरांत गडप.

२७ जुलै १९७८. विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ठराव केला, मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचं. त्याच रात्रीपासून मराठवाड्यात आपल्या वस्त्या जाळायला सुरुवात केली. विहिरी नासवल्या, माणसं झोडली, बायांची अब्रू घेतली, संसार उघड्यावर टाकला. ४ ऑगस्टला नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांना गावातल्या जमावानं हाल करून मारलं आणि जाळलं. या सगळ्याला मराठीनं कोणतं क्रियापद दिलं? दंगल उसळली. मराठवाडा पेटला. आगीचं लोण पसरलं. उसळायला काय समुद्र आहे? पेटायला काय वणवा आहे? आणि दंगल म्हणजे दोन बाजू लढतात ती. इथं एक बाजू रॉकेलचा डबा घेऊन येत होती आणि दुसरी बाजू पोरंबाळं काखोटीला मारून उसात लपत होती. याला दंगल म्हणतात? मराठवाडा पेटला म्हणजे पाच जिल्ह्यांतला धोंडा न् धोंडा पेटला. सगळेच दोषी, म्हणजे कुणीच नाही. सोळा वर्षं झुंजल्यावर, १४ जानेवारी १९९४ ला सरकारनं नामविस्तार केला. पण ‘पेटला’ हे क्रियापद आजही तसंच आहे, पुस्तकांत, भाषणांत. आपल्याच भाषणांत.

११ जुलै १९९७. घाटकोपरचं माता रमाबाई आंबेडकर नगर. पहाटे बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला लोकांना दिसला. माणसं रस्त्यावर आली. राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीनं गोळ्या झाडल्या. दहा जण मारले. पोलिसांकडून काय कारण आलं? रस्त्यावर गॅसचे टँकर होते, जमाव ते पेटवणार होता, म्हणून गोळीबार करावा लागला. बघा, आलं ना ‘लागला’! पुढं गुंडेवार आयोग बसला. खटला चालला. २००९ साली सत्र न्यायालयानं तुकडीचा अधिकारी मनोहर कदम याला जन्मठेप सुनावली. उच्च न्यायालयानं त्याला जामीन दिला हेही सांगतो, कारण अर्धं सांगणं हा त्यांचा धंदा, आपला नाही. पण एवढं पक्कं की ‘करावा लागला’ या दोन शब्दांतून ‘ने’ बाहेर काढायला बारा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. दहा मुडदे, बारा वर्षं, एक विभक्ती!

आणि २९ सप्टेंबर २००६, खैरलांजी. सुरेखा भोतमांगे, प्रियंका, रोशन, सुधीर. गावानं आख्खं घर मारलं, एकटे भैयालाल उरले. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयानं आठ जणांना दोषी धरलं, सहा जणांना फाशी सुनावली. २०१० साली उच्च न्यायालयानं फाशीच्या जागी पंचवीस वर्षांची जन्मठेप दिली. पण दोन्ही न्यायालयांनी एक गोष्ट मानली नाही, हे जातीमुळं केलं ही. १९८९ चा अॅट्रॉसिटीचा कायदा असून नसल्यासारखा. तेव्हा माणसं काय म्हणत होती? "अॅट्रॉसिटी लागली नाही." ऐका नीट. कलमसुद्धा लागतं किंवा लागत नाही. ते लावणारा आणि न लावणारा माणूस खुर्चीत बसलेला असतो, हे आपणही विसरलो.

आता पांढरपेशा उपसंपादक चष्मा पुसत म्हणेल, अहो, मराठीची प्रकृतीच तशी आहे. तिला अकर्तृक वळण मानवतं. शिवाय अब्रुनुकसानीचा दावा होतो, कोर्टात सिद्ध झाल्याशिवाय नाव कसं छापायचं?

त्याचं निम्मं खरं आहे, ते मी मान्य करतो. पुराव्याशिवाय कुणाचं नाव छापू नका. आपल्या पोरांची नावं पुराव्याशिवाय छापतात तेव्हा आपण बोंबलतोच ना? पण आम्ही नाव कुठं मागितलं? आम्ही क्रियापद मागतोय. तीन गंज्या, तीन दिशा, एक वारा. ‘अज्ञात इसमांनी आग लावली’ एवढं लिहायला कोणता कायदा आडवा येत होता? ‘लावली’ म्हटल्यावर हवालदाराला हात शोधावा लागला असता. ‘लागली’ म्हटल्यावर नुसती राख मोजली की काम संपलं. ‘अकस्मात जळीत’च्या वहीत गेलेली आग गुन्ह्याच्या वहीत कधी परत येत नाही. आज्याला पावसाळ्यात दोन जनावरं विकावी लागली. बघा, त्यालाही ‘लागली’च. त्याची जनावरं त्या क्रियापदानं खाल्ली.

आणि मराठीची प्रकृती? मराठीच्या प्रकृतीवर यांचीच मालकी काय? ज्या बाईच्या अंगणात सकाळी राख दिसते ती बाई काय म्हणते? "मुडद्यांनी माझं घर जाळलं." कर्ता आहे, कर्म आहे, क्रियापद ठणठणीत आहे. ही मराठी नाही? आमच्या मायबहिणी शिवी देतात त्यातसुद्धा कर्ता असतो. मराठीला अकर्तृक वळण मानवत नाही, सवर्ण गावाला मानवतं.

हे बाबासाहेबांना शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. ३१ जानेवारी १९२० ला त्यांनी ‘मूकनायक’ काढला. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. त्या वेळी ‘केसरी’ने पैसे देऊनही ‘मूकनायक’ची जाहिरात छापली नव्हती. त्याच वर्षी २१ आणि २२ मार्चला माणगावला परिषद भरली, आमच्याच कोल्हापूरच्या मुलखात. कुणाचा तरी पेपर आपली बातमी नीट लिहील म्हणून ते थांबले नाहीत. २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचं पाणी प्याले. सवर्णांनी माघारी निघालेल्या आपल्या माणसांना झोडपलं आणि शेणगोमूत्र ओतून तळं ‘शुद्ध’ केलं. ३ एप्रिलला बाबासाहेबांनी ‘बहिष्कृत भारत’ सुरू केला. दोन आठवड्यांत! कारण ते जाणत होते की मार आपण खायचा आणि माराची बातमी मारणाऱ्याच्या पाव्हण्यानं लिहायची, असं चाललं तर आपण दोनदा मार खातो.

आणि २५ डिसेंबर १९२७. महाडलाच मनुस्मृती जाळली. जळाली नाही. तिला आग लागली नाही. बाबासाहेबांच्या परिषदेनं ती जाळली, दिवसाउजेडी सांगून, ठराव करून, तारीख टाकून जाळली. दोस्तांनो, हे आपलं व्याकरण. आपण जे केलं ते ‘आम्ही केलं’ म्हणून सांगितलं. त्यांनी जे केलं ते रात्री केलं आणि सकाळी म्हणाले, लागली.

आता आपल्या पदरात बघू. नुसतं त्यांच्या नावानं बोटं मोडून भागत नाही. आपली पत्रकं काढा. आपली निवेदनं काढा. कलेक्टरला दिलेली, तहसीलदाराला दिलेली. काय लिहितो आपण? आमच्यावर अन्याय झाला. अत्याचार झाले. बहिष्कार पडला. पुतळ्याची विटंबना झाली. झाला, झाले, पडला, झाली! बहिष्कार पडतो व्हय पावसासारखा? १९७२ साली इंदापूर तालुक्यातल्या बावड्यात आपल्या माणसांवर गावानं बहिष्कार टाकला होता. पडला नव्हता. त्यांचा शिक्का आपण आपल्याच हातानं आपल्या पत्रकावर उठवतो. का? कारण आपण शिकलो त्यांच्या शाळेत, वाचले त्यांचे पेपर. प्रमाण मराठी शिकता शिकता भ्यायलाही शिकलो. माझा अडाणी आजा ‘कुणी?’ म्हणाला. मी शिकलेला नातू मात्र या लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात लिहून गेलो, ‘आज्याची गंजी जळाली’. पुढं ‘गंज्या पेटल्या’. वर जाऊन बघा. मुद्दाम खोडलं नाही, तसंच ठेवलंय. रोग किती मुरलाय ते कळावं म्हणून.

तेव्हा जे पोरगं आज पुण्यात, मुंबईत, कोल्हापुरात मोबाईलवर बातमी टंकतंय, पत्रक लिहितंय, फिर्याद द्यायला गावच्या माणसाबरोबर ठाण्यात जातंय, त्याला माझं सांगणं एवढंच.

फिर्याद लिहून घेतात तेव्हा शेजारी बस. सांगणाऱ्यानं ‘लावली’ म्हटलं असेल तर कागदावर ‘लावली’च आलं पाहिजे. सही किंवा अंगठा त्याआधी नाही. पेपरसाठी मजकूर देताना नाव माहीत नसेल तर ‘अज्ञात इसमांनी’ लिही, पण ‘नी’ सोडू नकोस. माहीत असेल आणि साक्षीदार उभा असेल तर नाव लिही. पोलिसांनी गोळ्या झाडल्या असतील तर ‘पोलिसांनी गोळ्या झाडल्या’ लिही. का झाडल्या ते त्यांना सांगू दे, त्यांची बाजूही छाप, पण क्रियापद त्यांच्याकडून उसनं घेऊ नकोस. आणि आपल्या पोरांनी काच फोडली असेल तर ‘काच फुटली’ असं लिहून लबाडी करू नकोस. आपण फोडली तर आपण फोडली. एक माप, दोन्हीकडं. नाहीतर आपल्यात आणि त्या हवालदाराच्या वहीत फरक काय राहिला?

आजा जाऊन वर्षं झाली. ट्रंक गंजली. कात्रण माझ्याजवळ आहे, घडीवर विरलंय, ‘आग’ आणि ‘लागून’ यांच्या मधोमध चिरलंय. मरेपर्यंत आज्यानं ते का जपलं, हे मला फार उशिरा कळलं. मला आधी वाटायचं, पेपरात बातमी आली याचं त्याला अप्रूप असेल. तसं नव्हतं. तो पुरावा जपत होता. गंजी जाळली त्याचा नव्हे, त्याला राख बघून सगळं कळलं होतं. शिकल्यासवरल्या माणसांनी त्यावर काय लिहिलं, त्याचा पुरावा.

त्या चार ओळींची दुरुस्ती कुठल्याच पेपरनं छापली नाही. आता छापणारही नाही. म्हणून इथं छापतो.

माझ्या आज्याची गंजी जळाली नाही. तिला आग लागली नाही. ढोर ओढायला नाही म्हणाला म्हणून गावातल्या माणसांनी ती जाळली.

जयभीम.